पांढरा उंदीर खरंच भित्रा असतो का? रंगाचे जीन, डोळा आणि मेंदू

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहितो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. तुम्ही काळा ब्लॅक सिक्स आणि पांढरा बाल्ब-सी या लॅबमधल्या उंदरांच्या दोन शुद्ध वाणांचा (स्ट्रेनचा) क्रॉस, म्हणजे संकर केला, पहिल्या पिढीत सगळी पिल्लं भुरकट निघाली, ना काळी ना पांढरी, त्यामुळे तुम्हाला वाटलं केजच्या लेबलची अदलाबदल झाली. मग त्यांच्यातच जोड्या लावल्या आणि दुसऱ्या पिढीत चार-पाच रंगांचे उंदीर मिळाले. ओपन फील्डमध्ये, म्हणजे चाचणीच्या मोकळ्या चौकटीत, सोडल्यावर पांढरे कोपरा धरून बसले, लेंड्याही जास्त टाकल्या, रंगीत मात्र फिरत राहिले. आता तुम्ही विचारताय की पांढऱ्या रंगाचं जीन म्हणजेच भित्रेपणाचं जीन का, आणि एकूणच केसांच्या रंगाच्या जीन्सचा मेंदूशी काही थेट संबंध असतो का.

पहिल्याचं उत्तर: नाही, तुमच्या डेटात जे दिसतंय ते बहुतेक डोळ्याचं प्रकरण आहे. दुसऱ्याचं उत्तर: हो, संबंध असतो आणि काही ठिकाणी तर भयंकर असतो, पण तुम्ही ज्या जीनवर बोट ठेवलंय त्याच्याबाबतीत नाही, भलत्याच जीन्सच्या बाबतीत.

लेबल चुकलेलं नाही, ते आधी मिटवतो. बाल्ब-सी पांढरा दिसतो म्हणून त्याच्याकडे रंगाचे जीन नाहीत असं नसतं, ते सगळे आहेत, फक्त पांढऱ्या चादरीखाली झाकलेत. त्याचं टायरोसिनेज नावाचं एन्झाइम बिघडलंय, त्यामुळे मेलॅनिन, म्हणजे केसांचा आणि डोळ्यांचा रंग, बनतच नाही. पण चादरीखाली तो अगूटी आहे, म्हणजे एकाच केसावर काळा-पिवळा-काळा असा पट्टा टाकणारं जीन त्याच्याकडे शाबूत आहे, आणि शिवाय ब्राउन नावाचं म्युटेशनही (जीनमधला बिघाड) आहे, जे काळ्याचा तपकिरी करतं. ब्लॅक सिक्सकडे टायरोसिनेज चांगलं, ब्राउनचं जीन चांगलं, पण अगूटी बिघडलेलं, म्हणून तो काळाकुट्ट. दोघांचं पिल्लू झालं की प्रत्येक जीनची एकेक चांगली कॉपी येते आणि पिल्लू रानटी उंदरासारखं भुरं निघतं. हिशोब अगदी बरोबर आहे.

दुसऱ्या पिढीत ६४ पिल्लं धरली तर सरासरी १६ पांढरी, २७ भुरी अगूटी, ९ काळी, ९ दालचिनीच्या रंगाची आणि ३ चॉकलेटी यायला हवीत. हे आकडे एकदा तुमच्या रजिस्टरशी ताडून बघा, फार फरक असेल तर रंग ओळखण्यात गडबड आहे, आणि दालचिनी आणि भुरा यांच्यात गडबड सगळ्यांचीच होते, पिल्लू दोन आठवड्यांचं असताना तर हमखास, पोटाकडचे केस फुंकर मारून बाजूला करून मुळाशी काळं आहे की तपकिरी ते बघायचं. आणि मुख्य म्हणजे ते १६ पांढरे आतून एकसारखे नाहीत, त्यांच्यात अगूटी, काळे, दालचिनी, चॉकलेटी सगळे लपलेत. म्हणजे 'पांढरे विरुद्ध काळे' अशी तुलना तुम्ही केली असेल तर ती रंगाच्या दोन गटांची तुलनाच नाही. पांढरे विरुद्ध बाकी सगळे, एवढीच तुलना करता येते.

आता भित्रेपणा. तुमचा प्रयोग, अगदी हेच दोन स्ट्रेन घेऊन, १९६६ मध्ये डीफ्राइज आणि सहकाऱ्यांनी केलेला आहे. त्यांनाही हेच दिसलं, पांढरे कमी फिरतात आणि जास्त लेंड्या टाकतात. पण त्यांनी पुढे एक साधी गोष्ट केली, पांढऱ्या दिव्याऐवजी लाल दिवा लावला. उंदराला लाल उजेड फारसा दिसत नाही, त्याच्यासाठी तो जवळपास अंधारच. आणि लाल दिव्यात पांढरे आणि रंगीत यांच्यातला फरक गेला. भित्रेपणा जर मेंदूत कोरलेला असता तर दिव्याचा रंग बदलल्याने तो पळाला नसता ना.

मी हे पहिल्यांदा स्वतः बघितलं तेव्हा खरं सांगायचं तर जरा खजील झालो होतो, कारण त्याआधी जवळपास एक वर्ष मी ओपन फील्ड छतावरच्या ट्यूबलाइटखाली चालवत होतो. मीटर ठेवला तर मधोमध चारशेच्या वर लक्स. पांढरा उंदीर मध्ये ठेवला की एक क्षण थिजायचा, डोळे अर्धवट मिटलेले, मग सरळ भिंत गाठायचा आणि भिंतीला अंग घासत जवळच्या कोपऱ्यात जाऊन तोंड आत, ढुंगण बाहेर असा बसायचा. पाच मिनिटांत सहा-सात लेंड्या. आठवड्याने तोच उंदीर लाल दिव्यात सोडला तर तो मिश्या हलवत, नाक वर करून, मधल्या भागातून आरामात आडवा गेला. आता दुसऱ्यांदा सोडलेला उंदीर जागेला थोडा सरावलेला असतो हे मान्य, म्हणून मग अर्ध्यांना आधी लाल आणि मग पांढरा असं उलट करून बघितलं, तरी चित्र तेच. आमच्या सगळ्या 'अँग्झायटी' डेटातला मोठा भाग म्हणजे 'उजेड डोळ्यात खुपतोय' असा होता.

का खुपतो? कारण अल्बिनोच्या, म्हणजे मेलॅनिन न बनणाऱ्या पांढऱ्या उंदराच्या, बुबुळात आणि रेटिनाच्या मागच्या थरात मेलॅनिन नाही. बुबुळ हा पडदा असतो, तो पारदर्शक झाला की उजेड बाहुलीतूनच नाही तर सगळीकडून आत घुसतो आणि आत शोषून घ्यायलाही काही नाही, नुसता इकडून तिकडे विखुरतो. नजर मुळात अधू होते. साधा ब्लॅक सिक्ससुद्धा माणसाच्या मानाने आंधळाच म्हणायचा, सुमारे ०.५ सायकल प्रति डिग्री एवढीच बारीक रेघ त्याला दिसते, माणसाला तीसच्या पुढे. अल्बिनोचं त्याहून कमी. त्यात जास्त दिवस प्रखर उजेडात ठेवला तर रेटिना कायमचीच खराब होते. रॅकच्या वरच्या रांगेतल्या केजला खालच्यापेक्षा कितीतरी पट उजेड मिळतो, त्यामुळे वरच्या रांगेत वाढलेला पांढरा उंदीर आणि खालच्या रांगेतला पांढरा उंदीर हे चार महिन्यांनी एकसारखे राहत नाहीत. मीटर घेऊन रॅकसमोर पाच मिनिटं उभं राहा, आकडे बघून तुम्हीच केज फिरवत ठेवायला लागाल.

पण इथे एक खरोखर मेंदूची गोष्ट आहे आणि ती मला फार आवडते. डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या तंतूंपैकी बहुतेक विरुद्ध बाजूला जातात, उंदरात शंभरातले तीन-चार फक्त त्याच बाजूला राहतात. अल्बिनोमध्ये हे त्याच बाजूचे तंतू आणखी कमी होतात, म्हणजे वायरिंगच चुकतं. आणि हे फक्त उंदरात नाही, मांजर, मिंक, माणूस, जिथे अल्बिनिझम आहे तिथे सगळीकडे दिसतं. रेटिनाच्या मागच्या रंगीत थरात मेलॅनिन बनत नसल्यामुळे रेटिनाच्या पेशी तयार होण्याची वेळ बिघडते आणि त्याचा परिणाम तंतू कुठे जाणार यावर होतो. म्हणजे अल्बिनोचा मेंदू वेगळा असतो हे वाक्य खोटं नाही, पण तो डोळ्याच्या वाटेने वेगळा झालाय, भीतीच्या केंद्रात रंगाचं जीन बसलंय म्हणून नाही.

याच्याशीच जोडलेला एक गैरसमज दरवर्षी कोणीतरी नवीन विद्यार्थी घेऊन येतो. टायरोसिनपासून डोपा बनतं, डोपापासून मेलॅनिनही बनतं आणि डोपामिनही, मग टायरोसिनेज बिघडलं तर डोपामिन कमी, म्हणून पांढरा उंदीर सुस्त! ऐकायला झकास आहे पण चूक आहे. मेंदूत टायरोसिनचं डोपा करणारं एन्झाइम वेगळंच, टायरोसिन हायड्रॉक्सिलेज, वेगळं जीन, त्याच क्रोमोसोमवर पण लांबच्या जागी. अल्बिनोमध्ये ते ठणठणीत असतं. अल्बिनो माणसांच्या मेंदूतसुद्धा सब्स्टँशिया नायग्राचा (डोपामिन बनवणाऱ्या पेशींच्या भागाचा) काळा रंग असतोच, कारण तो या टायरोसिनेजवर अवलंबून नाही. आणि मेलॅनिन-मेलाटोनिन हा तर नुसता नावाचा घोळ, एक रंग आणि दुसरं रात्रीचं हॉर्मोन. गंमत म्हणजे काळ्या ब्लॅक सिक्सलाही मेलाटोनिन नीट बनवता येत नाही आणि पांढऱ्या बाल्ब-सीलाही नाही, भुऱ्या सी३एच आणि सीबीए या स्ट्रेनना येतं. रंगावरून काही ठरत नाही ते असं.

आता शेजाऱ्यांचा मुद्दा, आणि क्रॉस करणारे सगळ्यात जास्त इथे फसतात. तुम्ही पांढरा उंदीर निवडता तेव्हा तुम्ही टायरोसिनेजचं एक जीन निवडत नाही, ७ व्या क्रोमोसोमचा लांबलचक तुकडा निवडता. १० सेंटिमॉर्गन (क्रोमोसोमवरचं अंतर मोजायचं एकक) अंतरावरच्या जीनचा हिशोब करा: एका बाजूने आलेल्या क्रोमोसोमवर ते बाल्ब-सीचंच असण्याची शक्यता साधारण ९० टक्के, दोन्ही बाजूंनी तेच असण्याची ८१ टक्के. म्हणजे तुमच्या पांढऱ्या गटातले बहुतेक उंदीर आजूबाजूच्या शेकडो जीन्ससाठीही बाल्ब-सी आहेत. आणि त्या शेजाऱ्यांत अगदी भिंतीला भिंत लावून कोण बसलंय तर ग्लुटामेटचा एमग्लूर५ रिसेप्टर, जो भीती, शिकणं, व्यसन या सगळ्या अभ्यासांत सापडतो. मी असं म्हणत नाही की तुमचा फरक त्याच्यामुळे आहे. नुसत्या रंगावरून ते तुम्हाला सांगता येणार नाही, एवढंच म्हणतोय.

'मग दहा पिढ्या बॅकक्रॉस करतो', म्हणजे दर पिढीला परत ब्लॅक सिक्सशीच लावतो, असं लगेच मनात येतं. करा, पण दहा पिढ्यांनंतरही निवडलेल्या जीनच्या दोन्ही बाजूंना मिळून सरासरी २० सेंटिमॉर्गन, म्हणजे सुमारे ४ कोटी बेसचा तुकडा जुन्याच स्ट्रेनचा उरतो. त्यापेक्षा सोपा मार्ग आहे. ब्लॅक सिक्समध्येच आपोआप झालेलं टायरोसिनेजचं म्युटेशन असलेला पांढरा ब्लॅक सिक्स मिळतो, अल्बिनो बी६ म्हणतात त्याला. तो आणि साधा काळा ब्लॅक सिक्स यांच्यात फरक जवळपास त्या एकाच जीनचा. रंगाच्या जीनबद्दल काही बोलायचं असेल तर हे दोघे शेजारी ठेवून बोलावं, पांढरा बाल्ब-सी आणि काळा ब्लॅक सिक्स यांच्यात तर रंगाशिवाय हजारो ठिकाणी फरक आहेत. बाल्ब-सीत तर मेंदूचे दोन अर्धे जोडणारा कॉर्पस कॅलोसमसुद्धा काही उंदरांत आखूड असतो, त्याचा रंगाशी काही देणंघेणं नाही.

डीफ्राइजच्या मंडळींनी पुढे त्याच क्रॉसमधून ओपन फील्डमध्ये जास्त फिरणारे आणि कमी फिरणारे असे वेगवेगळे वाण निवडत नेले, ३० पिढ्या. कमी फिरणाऱ्या दोन्ही लाइन्स शेवटी पूर्ण पांढऱ्या झाल्या, म्हणजे निवड करणाऱ्याने न मागता अल्बिनो जीन निवडलं गेलं. हे वाचून लोक म्हणतात बघा, पांढरा म्हणजे भित्रा! पण १९९५ मध्ये याच लाइन्सवर फ्लिंट आणि इतरांनी जीन मॅपिंग केलं तेव्हा १ क्रोमोसोमवरची जागा जोरात आली, जिचा रंगाशी संबंध नाही. रंगाचा वाटा होता, पण गोष्ट त्याच्यापुरती नव्हती.

बरं, एवढं सगळं 'नाही नाही' म्हटल्यावर आता 'हो' कडे येतो, कारण खरी मजा तिकडे आहे. उंदराच्या रंगावर परिणाम करणारे जीन शंभरावर आहेत आणि त्यातले बरेच मुळात रंगाचे जीन नाहीतच. ते पेशीतलं काहीतरी साधं काम करतात, सामान वाहून नेणं, पिशव्या भरणं, रिसेप्टर जागेवर ठेवणं, आणि केसाचा रंग ही फक्त खिडकी आहे जिथून ते आपल्याला दिसतं.

सगळ्यात चांगलं उदाहरण डायल्यूट. डीबीए नावाचा जुना स्ट्रेन आहे, १९०९ पासूनचा, त्याचं नावच डायल्यूट, ब्राउन आणि नॉन-अगूटी या तीन रंग-म्युटेशनवरून पडलंय. डायल्यूट जीन म्हणजे मायोसिन ५ए, हा पेशीतला हमाल. रंग बनवणाऱ्या पेशीत तो मेलॅनिनची गाठोडी पेशीच्या फांद्यांच्या टोकापर्यंत नेऊन देतो, तिथून ती केसात जातात. हमाल नसला की गाठोडी मधेच ढीग होऊन पडतात, केसात रंग तुटक तुटक जातो आणि उंदीर धुवून फिका पडल्यासारखा दिसतो. आता हाच हमाल सेरिबेलमच्या पर्किन्जे पेशीत एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम ओढून काट्यांमध्ये नेतो, आणि तिथे ते कॅल्शियमसाठी लागतं. डीबीएमधलं म्युटेशन सौम्य आहे, इंट्रॉनमध्ये, म्हणजे जीनच्या प्रोटीन न बनवणाऱ्या भागात, एक व्हायरस घुसलाय, थोडं चांगलं प्रोटीन बनत राहतं आणि मेंदूचं भागतं. पण हेच जीन पूर्ण बंद असलेली डायल्यूट-लीथल पिल्लं बघितलीत तर विसरणार नाही. पहिला आठवडा ठीक, फक्त रंग फिका. दुसऱ्या आठवड्यात पाय अडखळायला लागतात, मग पिल्लू मागे धनुष्यासारखं वाकतं, मान पाठीकडे ओढली जाते, झटके येतात, आणि तीन आठवड्यांच्या आसपास संपतं. माणसातही हेच जीन बिघडलं तर केस चंदेरी होतात आणि सोबत गंभीर न्यूरॉलॉजिकल त्रास होतो, ग्रिसेली सिंड्रोमचा पहिला प्रकार तो.

आणि लगेच उलट बाजूही बघा. लेडन नावाचा फिका उंदीर आहे, दिसायला डायल्यूटचा सख्खा भाऊ, केस तसेच, मायक्रोस्कोपखाली गाठोड्यांचा ढीगही तसाच. पण त्यात बिघडलंय ते मेलॅनोफिलिन, म्हणजे हमाल आणि गाठोडं यांना जोडणारा आकडा, आणि तो आकडा रंगपेशीपुरताच लागतो. त्याचा मेंदू ठणठणीत. रंग सेम, वागणूक वेगळी. म्हणून मी रंगावरून वागणुकीचा अंदाज बांधणाऱ्याला आधी विचारतो, कुठलं जीन?

पिवळ्या उंदरांची जोडी तर याहून भारी. लीथल यलो हा लठ्ठ पिवळा उंदीर कुएनोने १९०५ मध्येच वर्णन केलेला, शुद्ध पिवळी जात बनवताच येईना कारण दोन्ही कॉप्या आल्या की पिल्लू गर्भातच मरतं, म्हणून पिवळ्या जोडीत तीनास एक न येता दोनास एक येतं. त्यात अगूटी जीनच्या पुढचा एक तुकडा उडालाय आणि अगूटीला दुसऱ्याच जीनचं बटण लागलंय, त्यामुळे जे प्रोटीन फक्त केसाच्या मुळाशी थोडा वेळ बनायला हवं ते शरीरभर सतत बनतं. त्वचेत ते मेलॅनोकॉर्टिन १ रिसेप्टर अडवतं, केस पिवळा होतो. हायपोथॅलॅमसमध्ये ते त्याच कुटुंबातला ४ नंबरचा रिसेप्टर अडवतं, आणि हा रिसेप्टर 'पोट भरलं, पुरे' सांगणारा. उंदीर खातच राहतो. १९९७ मध्ये ४ नंबरचा रिसेप्टर थेट काढून टाकलेला उंदीर केला तर तोही असाच लठ्ठ झाला, फक्त पिवळा नाही झाला. त्याच वर्षी कळलं की मेंदूत अगूटीचा स्वतःचा भाऊबंद आहेच, एजीआरपी, आणि त्या एजीआरपी पेशी आज भुकेच्या संशोधनाचा कणा आहेत. एका केसाच्या पट्ट्यावरून सुरू झालेलं हे.

आणि दुसरा पिवळा उंदीर, रिसेसिव्ह यलो, त्याच्यात १ नंबरचा रिसेप्टरच बिघडलेला. दिसायला तसाच पिवळा, पण लठ्ठ होत नाही, कारण मेंदूतल्या रिसेप्टरला कोणी हात लावलेला नाही. मात्र त्याचीही एक गोष्ट आहे. माणसातले लाल केसवाले याच रिसेप्टरचे, आणि २००३ मध्ये मोगिल यांच्या गटाने दाखवलं की एका विशिष्ट प्रकारच्या ओपिऑइड वेदनाशामकाचा परिणाम माद्यांमध्ये या रिसेप्टरवर अवलंबून असतो, लाल केसांच्या स्त्रियांमध्ये पेंटाझोसिन जास्त चाललं. नरांमध्ये तसं नाही. म्हणजे हॉट प्लेट किंवा टेल फ्लिक या वेदनेच्या चाचण्या करताना पिवळे उंदीर आणि दोन्ही लिंगं एकाच ढिगात टाकलीत तर तुम्ही काय मोजताय देव जाणे.

मॅहॉगनी आणि मॅहॉगनॉइड हे दोन गडद रंगाचे उंदीर पटकन सांगून पुढे जातो: दोन्हीत पिवळा रंग दबतो, आणि दोन्हीत वय वाढलं की मेंदूत स्पंजासारखी भोकं पडतात, प्रायॉन (असा रोग करणारं बिघडलेलं प्रोटीन) नसतानाही. मॅहॉगनीत मायलिनही, म्हणजे तंतूंवरचं आवरणही, कमी.

कान हा आणखी एक चोर दरवाजा. इथे एक फरक नीट लक्षात ठेवा, रंगपेशी आहे पण रंग बनत नाही हे वेगळं आणि रंगपेशीच नाही हे वेगळं. आतल्या कानात रंगपेशी काम करतात, तिथला विद्युत दाब राखायला त्या लागतात, त्यांच्यातल्या मेलॅनिनची तेवढी गरज नाही. म्हणून नुसता अल्बिनो त्या कारणाने बहिरा होत नाही. पण किट जीनच्या म्युटेशनने झालेले पांढरे उंदीर, जिथे रंगपेशी पोचतच नाहीत, ते बहिरे असू शकतात. दोन्ही पांढरे! ओळखायचं कसं, तर डोळे बघा, अल्बिनोचे गुलाबी, किटवाल्याचे काळे. आता फिअर कंडिशनिंगमध्ये टोन वाजवून शॉक दिला आणि काळ्या डोळ्यांचा पांढरा उंदीर टोनला थिजला नाही, तर स्मृती गेली म्हणून पेपर लिहायच्या आधी त्याच्यामागे एक टाळी वाजवून बघा.

तसाच पॅलिड. फिका रंग, गुलाबी डोळे, आणि आतल्या कानात तोल सांभाळणारे बारीक खडे नसतात किंवा अर्धवट असतात. मान तिरकी धरतो. पाण्यात टाकला तर वर-खाली कुठे आहे कळत नाही आणि बुडतो. अशा उंदराला कोणी फोर्स्ड स्विम टेस्टमध्ये (जिथे पोहणं सोडणं म्हणजे नैराश्य मानतात) टाकलं तर तो 'डिप्रेशन'चा सुंदर आलेख देईल आणि जीवही देईल. शिवाय गरोदर मादीला मँगनीज जास्त दिलं तर पिल्लांचे खडे ठीक बनतात, रंग मात्र फिकाच राहतो, हे जुनं काम आहे आणि अजूनही शिकवायला मला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळालेलं नाही. त्याच कुटुंबातला मोचा, त्यात हिप्पोकॅम्पसच्या मॉसी तंतूंमधलं झिंकच भरलं जात नाही, उंदीर अतिचंचल, बहिरा, झटके येणारा. कारण रंगाची पिशवी भरणारी यंत्रणा आणि सिनॅप्सची पिशवी भरणारी यंत्रणा यांचे काही कामगार एकच आहेत.

रंगीत उंदीर बघून निर्धास्तही होऊ नका. सी३एच हा छान भुरा, काळ्या डोळ्यांचा उंदीर, पण त्याच्याकडे रेटिना सडवणारं आरडी१ म्युटेशन आहे आणि तीन-चार आठवड्यांचा होईपर्यंत रॉड पेशी जवळपास संपलेल्या असतात. वॉटर मेझमध्ये, म्हणजे खुणा बघून पाण्यातला प्लॅटफॉर्म शोधायच्या चाचणीत, तो काय शिकणार. एफव्हीबी हा स्ट्रेन तर पांढराही आणि आरडी१ही. माझं तीन महिन्यांचं काम याच्यात वाहून गेलं, एफव्हीबीच्या पार्श्वभूमीवरचा नॉकआउट (एक जीन बंद केलेला उंदीर) होता, आम्हाला वाटलं हिप्पोकॅम्पसचा दोष सापडला, आणि शेवटी एका टेक्निशियनने सहज विचारलं की कंट्रोल तरी शिकतायत का? नव्हते शिकत. कोणीच काही बघत नव्हतं. तेव्हापासून आमच्याकडे आधी उघडा दिसणारा प्लॅटफॉर्म, मग लपलेला, हा क्रम मोडत नाही. आणि डीबीएमध्ये तेच ब्राउन म्युटेशन दुसऱ्या एका म्युटेशनबरोबर मिळून बुबुळातला रंग झडवतं, तो डोळ्यातला निचरा तुंबवतो आणि वय वाढलं की काचबिंदू होतो. तरुण डीबीए आणि म्हातारा डीबीए यांची स्मृती ताडताना हे डोक्यात असू द्या. हे एक ठिकाण जिथे केसाचं साधं ब्राउन जीन खरंच वागणुकीपर्यंत पोचतं, पण परत डोळ्याच्याच वाटेने.

'काळे, म्हणजे नॉन-अगूटी, प्राणी शांत असतात' हे जुनं वाक्य तुम्ही कुठेतरी वाचलं असणार. कीलरने १९४० च्या दशकात उंदरांच्या मोठ्या जातीत, म्हणजे रॅटमध्ये, हे मांडलं होतं आणि नंतर डियर माउसमध्येही त्याला आधार मिळाला, हातात घेतल्यावर नॉन-अगूटी कमी बिथरतात वगैरे. पण लॅबच्या उंदरावर हे जसंच्या तसं चिकटवू नका. ब्लॅक सिक्स नॉन-अगूटीच आहे, आणि ज्याने रोज वीस ब्लॅक सिक्स शेपटीने उचललेत त्याला विचारा तो किती शांत असतो. नर एकत्र ठेवले तर पाठी फोडतात एकमेकांच्या.

आता तुमच्या प्रयोगाचं काय करायचं. जनावरं हातात आहेत तर आधी ओपन फील्ड पुन्हा करा, निम्मे लाल दिव्यात आणि निम्मे १०-२० लक्सच्या मंद पांढऱ्या दिव्यात, रंगाचे गट दोन्हीकडे वाटून. व्हिडिओ ट्रॅकिंगची एक चूक टाळा, पांढऱ्या तळावर काळा उंदीर सॉफ्टवेअरला ठळक दिसतो आणि पांढरा हरवतो, हरवलेल्या फ्रेममध्ये त्याचं अंतर शून्य धरलं जातं आणि तुम्हाला 'सुस्त' उंदीर फुकटात मिळतो! तळ मध्यम राखाडी ठेवा, इन्फ्रारेड कॅमेरा असेल तर खालून इन्फ्रारेड प्रकाश, आणि प्रत्येक रंगाच्या दोन-तीन व्हिडिओवर ट्रॅक डोळ्यांनी तपासा. रंग बघून मोजणाऱ्याला गट कळतो, त्यामुळे हाताने मोजायच्या गोष्टी, थिजणं, ग्रूमिंग, लेंड्या, यांच्यासाठी खरं ब्लाइंडिंग होतच नाही. लेंड्या निदान उंदीर काढून घेतल्यावर दुसऱ्याकडून मोजून घ्या, तेवढं तरी जमतं.

उंदरांवर खूण करायची तर शेपटीवर पेन, कानाला पंच, केसांवर रंग नको. आणि शक्य असेल तर पाच-सहा जोड्या अल्बिनो बी६ आणि काळ्या ब्लॅक सिक्सच्या लावून, त्यांची (सगळी काळी) पिल्लं परत अल्बिनो बी६शी लावून एकाच लिटरमधून, म्हणजे एकाच वेतातून, काळी आणि पांढरी पिल्लं येतील असा क्रॉस करा, आईचा, केजचा, रॅकच्या रांगेचा फरकच जातो. त्यात लाल दिव्यातसुद्धा पांढरे मागे पडले तर मला परत लिहा, मग खरंच बघण्यासारखं काही असेल.

दुसऱ्या पिढीतले ते नऊ काळे आणि तीन चॉकलेटी मारू नका, निदान शेपटीचा तुकडा तरी डीएनएसाठी ठेवा. पुढे ७ क्रोमोसोमवर कुठे क्रॉसओव्हर झालाय ते बघायला पांढऱ्यांच्या बरोबरीने तेही लागतात.